साखळी वाढली तर शेत किती वाढतें?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत जऊळका हें गांव आहे. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा लोहमार्ग तेथून जातो, आणि म्हणून गांवाच्या नांवामागें ‘रेल्वे’ हा शब्द लावून बोलण्याची त्या बाजूस वहिवाट आहे. भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा. पूर्वीं या जमिनींत कापूस व ज्वारी यांचा भर असे; आतां सोयाबीन व तूर यांचा आहे. पिकें बदललीं, पण शेताला ‘वावर’ आणि बांधाला ‘धुरा’ म्हणणारी वऱ्हाडी भाषा बदलली नाहीं, आणि धुऱ्यावरून होणारे तंटेही थांबले नाहींत. या तंट्यांच्या मुळाशीं पुष्कळदां लोभ असतो हें खरें. परंतु कांहीं वेळां लोभापेक्षां गणिताचें अज्ञान अधिक असतें, आणि तें दोन्ही पक्षांत सारखेंच वांटलेलें असतें.

समजा, जऊळक्याच्या शिवारांत एका कास्तकाराला दोन वावरें विकत घेण्यासाठीं दाखविलीं. दोन्हीं चौरस, दोहोंची माती सारखी. पहिलें पांच साखळ्या लांब व पांच साखळ्या रुंद. दुसरें दहा साखळ्या लांब व दहा साखळ्या रुंद. पहिल्याची किंमत मालकानें ५ लाख रुपये सांगितली आणि दुसऱ्याची १५ लाख. कास्तकार मनांत म्हणतो, ‘दुसरें वावर पहिल्याच्या दुप्पट, मग पैसे तिप्पट कां म्हणून द्यावे?’ आणि तो पहिलें घेऊन घरीं जातो. घरांतलीं माणसें त्याच्या व्यवहारचातुर्याची वाखाणणी करतात. वास्तविक त्यानें गुंठ्यामागें २० हजार रुपये मोजले, आणि १५ हजार रुपये गुंठा या दरानें मिळणारी जमीन सोडून दिली. पहिलें वावर २५ गुंठ्यांचें होतें. दुसरें १०० गुंठ्यांचें, म्हणजे अडीच एकरांचें. लांबी दुप्पट झाली होती, क्षेत्र मात्र चौपट.

ही चूक अडाणी माणसाचीच असते असें कोणीं समजूं नये. शहरांतील सुशिक्षित गृहस्थही घराचा नकाशा पाहतांना, फरशा विकत घेतांना किंवा छायाचित्र मोठें करून घेतांना हीच चूक करतो. कारण असें कीं, लांबी डोळ्यांना दिसते; क्षेत्र मनानें मोजावें लागतें. दोन वावरांच्या कडेनें चालत गेलें तर दुसऱ्याच्या कडेला दुप्पट पावलें पडतात, आणि पायांनीं दिलेली ही साक्ष मन क्षेत्रालाही लागू करतें. पाय खोटें बोलत नाहींत, पण त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

जमिनीवर राखेनें एक चौरस आंखावा. त्याच्या उजवीकडे तेवढाच दुसरा आंखावा. आतां लांबी दुप्पट झाली, पण आकृति चौरस राहिली नाहीं. ती लांबट झाली. पुन्हा चौरस व्हावा यासाठीं या दोहोंच्या खालीं आणखी दोन चौरस मांडावे लागतात. वाढ दोन दिशांनीं व्हावयाची असल्यामुळें एकदां दुप्पट झालेलें पुन्हा दुप्पट करावें लागतें. बाजू तिप्पट केली तर तीन चौरसांच्या तीन ओळी होतात, म्हणजे नऊ. बाजू दीडपट केली तर दीडाची दीडपट, म्हणजे सव्वादोन. आणि बाजू निमपट केली तर निम्म्याचें निम्में, म्हणजे पाव. हा शेवटचा मुद्दा वांटणीच्या वेळीं फार महत्त्वाचा ठरतो. ‘निम्मी लांबी आणि निम्मी रुंदी धाकट्याला’ असें कोणीं कागदावर लिहिलें, तर धाकट्याला अर्धें वावर मिळत नाहीं. त्याला चवथाई मिळतें.

येथें एक शंका येते. वावरें कांहीं नेहमीं चौरस नसतात. नाल्याच्या कांठचें वावर सापासारखें वळलेलें असतें, टेकडीखालचें वावर तिकोनी असतें. त्यांना हा नियम लागू आहे काय? आहे, आणि तो कां आहे हें समजण्यास भूमितीचा मोठा ग्रंथ लागत नाहीं. वाकड्यातिकड्या वावराच्या चित्रावर बारीक चौकटींची जाळी टाकली अशी कल्पना करावी. कडेच्या कांहीं चौकटी अर्ध्यामुर्ध्या तुटतील. पण जाळी जितकी बारीक घ्यावी तितका हा तुटीचा भाग कमी. आतां सबंध चित्र, जाळीसकट, सर्व दिशांनीं तिप्पट मोठें केलें. चौकटींची संख्या बदलली नाहीं, पण प्रत्येक चौकट नऊपट झाली. म्हणून तिच्यांतील वावरही नऊपट झालें. आकृति वर्तुळ असो, त्रिकोण असो, वा खुद्द जऊळक्याच्या शिवाराची वेडीवांकडी सीमा असो, प्रत्येक बाजू ज्या पटीनें वाढते त्या पटीच्या वर्गानें क्षेत्र वाढतें. अट एकच: आकृति तीच राहिली पाहिजे, म्हणजे सर्व दिशांनीं वाढ सारखी झाली पाहिजे.

वऱ्हाडची जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्याच्या पद्धतीप्रमाणें मोजली गेली. त्या पद्धतींतील साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला ‘आणा’ म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन, म्हणजे ३३ गुणिलें ३३, अर्थात् १०८९ चौरस फूट, तिला एक गुंठा म्हणावयाचें. आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. येथपर्यंत सर्व सरळ आहे. पण गुंठ्याचेही सोळा भाग कल्पिले जात आणि त्यांनाही ‘आणा’ हेंच नांव होतें! एक आणा लांबी म्हणजे दोन फुटांहून पाऊण इंच अधिक. एक आणा क्षेत्र म्हणजे सुमारें ६८ चौरस फूट. आतां एक आणा लांब व एक आणा रुंद असा तुकडा घेतला तर तो एक आणा क्षेत्राचा होईल, असें शब्दांवरून वाटतें. होतो मात्र केवळ सव्वाचार चौरस फुटांचा, म्हणजे आण्याचाही सोळावा हिस्सा. कारण साखळीच्या लांबींत सोळा आणे आहेत, पण साखळीच्या चौरसांत असे सोळा गुणिलें सोळा, म्हणजे २५६ बारके चौरस आहेत. एकाच शब्दानें दोन वेगळीं मापें दाखविण्याची ही पद्धत ज्यांनीं घातली त्यांना हिशेबाची सवय होती, म्हणून त्यांना अडचण पडली नसेल. खातेदाराला मात्र ती निःसंशय पडत असावी.

त्याहून मोठी अडचण साखळीच्या स्वभावांत आहे. लोखंडी साखळी वर्षानुवर्षें ओढली जाते. तिच्या कड्या उघडतात, सांधे झिजतात, आणि ती लांब होते. उलट, कड्यांत चिखल वाळून बसला किंवा एखादा दुवा वांकला तर ती आंखूड होते. म्हणून चांगला मोजणीदार कामाला लागण्यापूर्वीं साखळी प्रमाण मापाशीं ताडून पाहत असे. समजा, ही काळजी न घेतां ३३ फुटांची साखळी चार इंच वाढलेली असतांना तिनें एक वावर मोजलें, आणि तें वीस साखळ्या लांब व वीस साखळ्या रुंद भरलें. कागदावर ४०० गुंठे, म्हणजे बरोबर १० एकर. पण प्रत्यक्षांत त्याची बाजू ६६० फूट नसून ६६६ फूट ८ इंच आहे. हिशेब केला तर क्षेत्र १० एकर ८ गुंठ्यांहून थोडें अधिक निघतें. साखळींत चूक शंभरांत एक. जमिनींत चूक शंभरांत दोन. वरच्याच २० हजार रुपये गुंठ्याच्या दरानें ही आठ गुंठे जमीन एक लाख साठ हजार रुपयांची झाली, आणि ती विकणाऱ्यानें घेणाऱ्याला फुकट दिली. दोघेही प्रामाणिक, मोजणीदारही प्रामाणिक. फक्त साखळी थकलेली.

खरें क्षेत्र काढण्याची रीत सोपी आहे. साखळीच्या प्रत्यक्ष लांबीला तिच्या ठरीव लांबीनें भागावें, जो भागाकार येईल त्याचा वर्ग करावा, आणि त्यानें मोजलेल्या क्षेत्रास गुणावें. पुष्कळ जण वर्ग करण्याचें विसरतात आणि चुकीची निम्मीच दुरुस्ती करून समाधान मानतात. चूक लहान असेल तेव्हां तोंडी हिशेबासाठीं एवढें लक्षांत ठेवलें तरी पुरे कीं, लांबींतील शेंकडेवारी क्षेत्रांत दुप्पट होते. लांबी शेंकडा ५ नें वाढली तर क्षेत्र शेंकडा १० नें, आणि वर पाव. हा वरचा पाव म्हणजे कोंपऱ्यांत उरलेला तो लहानसा चौरस होय.

महाराष्ट्रांत ही गोष्ट इंग्रजी साखळी येण्यापूर्वींही राज्यकारभाराच्या मुळाशीं होती. शिवकालांत अण्णाजी दत्तो यांनीं जमिनीची पाहणी केली तेव्हां पांच हात पांच मुठींची काठी ठरविण्यांत आली होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. काठीची लांबी इतकी मुठीपर्यंत नेमून कां द्यावी, असें कोणास वाटेल. पण सारा जर बिघ्यावर बसावयाचा असेल, तर काठी हीच तराजूची दांडी आहे. समजा, एखाद्या लबाड कारकुनानें काठी फक्त विसाव्या हिश्श्यानें आंखूड केली. मग तिचा बिघा शंभराच्या जागीं सव्वानव्वद एवढाच भरेल, आणि ज्या रयतेची जमीन खऱ्या काठीनें १०० बिघे, ती खोट्या काठीनें जवळजवळ १११ बिघे होईल. माती तीच, नांगर तोच, आणि सारा अकरा बिघ्यांचा अधिक. काठीचें टोंक कोणीं कापलें हें रयतेला दिसलें नसतें. दिसलें असतें तरी विसाव्या हिश्श्याचा एवढा परिणाम होतो यावर तिचा विश्वास बसला नसता.

आजच्या काळांत काठी गेली, साखळीही गेली. मोजणीचीं यंत्रें आतां उपग्रहांच्या संदेशावर चालतात. दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि सातबाऱ्यावर हेक्टर व आर आले. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद म्हणजे एक आर. जुनी ३३ फुटांची साखळी १० मीटरांहून सुमारें ६ सेंटिमीटरच मोठी. म्हणून लोक व्यवहारांत ‘गुंठा म्हणजेच आर’ असें म्हणतात. तें जवळजवळ खरें आहे, पण अगदीं खरें नाहीं. साखळींतील अर्ध्या टक्क्याहून किंचित् अधिक असा हा फरक क्षेत्रांत सव्वा टक्क्याच्या जवळ जातो. गुंठा १०१ चौरस मीटरांहून थोडा मोठा आहे. १०० गुंठ्यांचे १०० आर समजून व्यवहार केला, तर एक गुंठ्याहून अधिक जमीन बोलतां बोलतां नाहींशी होते.

यंत्रें आलीं तरी नकाशे कागदावरच पाहिले जातात, आणि येथें जुनी चूक नव्या वेषांत भेटते. गांवच्या नकाशाचें प्रमाण एका इंचास वीस साखळ्या असेल, तर नकाशावरील एक चौरस इंच म्हणजे जमिनीवरील वीस गुणिलें वीस, ४०० गुंठे, म्हणजेच १० एकर होतात. प्रमाण इंचास दहा साखळ्या असेल, तर त्याच चौरस इंचांत अडीच एकरच मावतात. दोन नकाशे शेजारीं ठेवून ‘हें वावर त्या वावराएवढेंच दिसतें’ म्हणणाऱ्यानें आधीं खालचें प्रमाण वाचावें. त्यांतच छायाप्रत काढणारी यंत्रें गल्लोगल्लीं झालीं. नकाशा कागदावर नीट बसावा म्हणून दुकानदार कळ दाबून तो ९५ टक्के करतो. डोळ्याला कांहींच फरक दिसत नाहीं. पण अशा प्रतीवर पट्टी लावून जुन्याच प्रमाणानें क्षेत्र काढलें, तर १० एकरांचे ९ एकर १ गुंठा होतात. लबाड कारकुनाच्या काठीनें बिघ्याचें जें केलें, अगदीं तेंच, त्याच सव्वानव्वदाच्या प्रमाणांत, हें निरुपद्रवी यंत्र करतें. आणि घरांत मात्र ‘मोजणींत एकर कोणीं खाल्ला?’ म्हणून भावाभावांत बोलाचाली होते. म्हणून नकाशाच्या बाजूला आंखलेली मोजपट्टी प्रतींत आली आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. कागद लहान झाला तर ती पट्टीही तितकीच लहान होते, आणि तिनें मोजलें तर चूक होत नाहीं.

आतां उलट प्रश्न. क्षेत्र दुप्पट हवें असेल तर बाजू किती वाढवावी? ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या ‘मेनो’ नांवाच्या संवादांत सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलापुढें हाच प्रश्न ठेवतो. दोन फूट बाजूचा चौरस आहे. त्याच्या दुप्पट चौरस काढावयाचा आहे. मुलगा म्हणतो, बाजू चार फूट करावी. तसें केल्यावर आठाऐवजीं सोळा चौरस फूट होतात. मग तो तीन फूट सांगतो, नऊ होतात. शेवटीं कर्ण हीच हवी ती बाजू, हें त्याला आकृतीवरून पटतें. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांत हा नियम स्पष्ट दिला आहे: चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस मूळच्या दुप्पट असतो. या कर्णाची लांबीही त्यानें अपूर्णांकांनीं सांगितली आहे. एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चवथा हिस्सा, उणें त्याचा चौतिसावा हिस्सा. दशांशांत मांडल्यास ती पांच घरांपर्यंत, म्हणजे १.४१४२१ येथपर्यंत, बरोबर येते. यज्ञवेदी रचणाऱ्यांना ही विद्या चैन म्हणून नको होती. अग्निचयनाची वेदी प्रथम साडेसात चौरस पुरुषांची, पुढच्या वेळीं साडेआठांची, अशी एकेकानें साडेएकशेएकापर्यंत वाढवावयाची असे, आणि आकृति मात्र तीच ठेवावयाची. साडेसाताची साडेआठ करतांना क्षेत्र शेंकडा तेराहून अधिक वाढतें, पण प्रत्येक बाजू सुमारें साडेसहा टक्केच वाढवावी लागते. सुतळीनें हें साधणें सोपें काम नव्हे.

जऊळक्याच्या कास्तकाराला २५ गुंठ्यांच्या वावराऐवजीं ५० गुंठ्यांचें चौरस वावर हवें असेल, तर पांच साखळ्यांची बाजू त्यानें दहा करूं नये. ती सात साखळ्या व एक आणा एवढी करावी. त्यांतही ५० गुंठ्यांना दोन आण्यांहून किंचित् कमी इतकीच उणीव राहील. शहरांतील वाचकाला हीच संख्या घरांतल्या कागदावर भेटते. ए-चार या आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या दुप्पट क्षेत्राचा ए-तीन २९७ रुंद व ४२० लांब. म्हणून छायाप्रतीच्या यंत्रावर एकाचा दुसरा करावयाचा असतां २०० टक्क्यांची नव्हे, १४१ टक्क्यांची कळ असते. ती कळ दाबणारा मुलगा बौधायनाचें नांव जाणत नसेल, पण त्याचेंच गणित चालवितो.

जी अट वर सांगितली, वाढ सर्व दिशांनीं सारखी हवी, ती विसरली कीं दुसऱ्या बाजूची चूक होते. नियम नवीन कळलेला माणूस जेथें तेथें वर्ग करूं लागतो. अकोला ते पूर्णा हा लोहमार्ग पूर्वीं मीटरगेज होता. २००८ सालीं तो रुंद झाला. दोन रुळांमधील अंतर १ मीटर होतें, तें १.६७६ मीटर झालें. जऊळक्याजवळच्या एक किलोमीटर मार्गांत रुळांमधील जागा १००० चौरस मीटर होती, ती १६७६ झाली. वर्ग करण्याचें कारण नाहीं, कारण रुंदी वाढली, लांबी जशीच्या तशी राहिली. वाशीम जिल्ह्यांतून गेलेल्या समृद्धि महामार्गाचेंही असेंच. १२० मीटर रुंदीचा पट्टा धरला तर किलोमीटरमागें १२ हेक्टर जमीन लागते, आणि दोन किलोमीटरांना २४, अठ्ठेचाळीस नव्हे.

स्वयंपाकघरांत हा नियम गोल आकारांवर चालतो. सहा इंच व्यासाची पुरणपोळी आणि नऊ इंच व्यासाची पुरणपोळी, दोहोंची जाडी सारखी असेल तर दुसरीला पुरण दीडपट नव्हे, सव्वादोनपट लागतें. दोन मोठ्या पोळ्या खाणाऱ्यानें चार लहान पोळ्यांहून अधिक खाल्लें आहे, ही गोष्ट वाढणारणीला अनुभवानें ठाऊक असते. पंक्तींत बसलेल्याला मोजतांना ती आठवत नाहीं. अर्ध्या इंचाचा नळ काढून एक इंचाचा बसविला तर पाणी जाण्याचें तोंड चौपट होतें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत वर्तुळाचें स्थूल क्षेत्र काढण्यास व्यासाचा वर्ग करून त्यास ११ नीं गुणून १४ नीं भागावें असें सांगितलें आहे. त्या रीतींतच सगळें आलें. व्यासाचा वर्ग आहे, म्हणून व्यासाची पट वर्गानेंच क्षेत्रांत उतरणार. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर या रीतीनें मोजून पाहण्यासारखें आहे. कांठापासून कांठापर्यंत त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, आंतील सरोवराचा सुमारें १.२. कांठावर उभें राहून पाहणाऱ्याला सरोवरानें बहुतेक विवर व्यापलें आहे असें वाटतें. हिशेबानें विवराचें तोंड अडीच चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक आणि पाणी एकाहून थोडें अधिक. व्यास दीडपट, क्षेत्र सव्वादोनपट.

शेततळ्याच्या बाबतींत मात्र हा केवळ कौतुकाचा विषय राहत नाहीं. २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळें’ या योजनेंत १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद व ३ मीटर खोल यापासून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल येथपर्यंतचीं तळीं होतीं. मोठ्या तळ्याची बाजू दुप्पट, खोली तीच. पाणी सुमारें चौपट मावतें, हें कोणीही आनंदानें ऐकतो. पण तळ्याखालीं जाणारी जमीनही चौपट, म्हणजे सव्वादोन आरांच्या जागीं नऊ आर. आणि वैशाखांतील ऊन ज्या पृष्ठभागावरून पाणी उडवितें तो पृष्ठभागही चौपट. ज्याच्या हातीं एकंदर ६० आरच जमीन आहे त्यानें हा दुसरा हिशेब पहिल्याइतकाच काळजीनें केला पाहिजे.

शेवटचा आणि सर्वांत कडू हिशेब वांटणीचा. क्षेत्र वर्गानें कमी होतें, पण परिघ म्हणजे सभोंवतालचा धुरा, तो मात्र साध्या प्रमाणांतच कमी होतो. वीस साखळ्या बाजूचें १० एकरांचें चौरस वावर घ्यावें. त्याचा परिघ ८० साखळ्या. एकरामागें आठ साखळ्या कुंपण. त्याचे चार भावांत चार चौरस केले तर प्रत्येकास अडीच एकर मिळतात आणि परिघ ४० साखळ्या, एकरामागें सोळा. पुढच्या पिढींत प्रत्येकाला चार मुलगे झाले आणि पुन्हा तसेच वांटे पडले, तर नातवाच्या वांट्याला पांच साखळ्या बाजूचें २५ गुंठ्यांचें वावर येतें. परिघ वीस साखळ्या, एकरामागें बत्तीस. आजोबाला रोही व रानडुकरें यांपासून पीक राखण्यास एकरामागें जितकी तार लागली असती, तिच्या चौपट तार नातवाला लागते, आणि त्याच्याजवळ पैसे त्या प्रमाणांत थोडे असतात. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला आणि पुढें तो विदर्भासही लागू झाला, त्यामागें शेती न परवडण्याचीं जीं कारणें होतीं त्यांत हें एक साधें भूमितीचें कारणही आहे.

धुऱ्याखालीं जाणारी जमीन वेगळीच. सोळा चौरस पाडण्यास आंत उभे तीन व आडवे तीन असे धुरे लागतात, प्रत्येक वीस साखळ्यांचा. एकूण १२० साखळ्या, म्हणजे ३९६० फूट. धुरा तीन फूट रुंद धरला तर सुमारें ११ गुंठे जमीन पिकाखालून निघून जाते. पण प्रत्यक्षांत चौरस वांटे क्वचितच पडतात. गाडीवाट एका बाजूस, विहीर एका कोंपऱ्यांत. प्रत्येकाला वाटेवर तोंड हवें असतें, म्हणून वावर उभें चिरलें जातें. सोळा वांट्यांच्या सोळा पट्ट्या झाल्या तर प्रत्येक पट्टी वीस साखळ्या लांब आणि सव्वा साखळी, म्हणजे सव्वाएकेचाळीस फूट रुंद होते. क्षेत्र तेंच, २५ गुंठे. पण आंतील धुरे आतां पंधरा झाले, आणि त्यांची लांबी ३०० साखळ्या, म्हणजे ९९०० फूट. तीन फूट रुंदीनें त्यांच्याखालीं गेलेली जमीन २७ गुंठ्यांहून अधिक भरते. सोळा नातवांपैकीं एकाचा सबंध वांटा, आणि वर दोन गुंठे, धुऱ्यांवरच्या गवताखालीं गेला.